48 हा आकडा मोजला कुणी?

पत्राचा गोषवारा: आई 66 वर्षांची आहे. ब्लड प्रेशरची गोळी बरीच वर्षं चालू आहे, वजन जास्त आहे, रात्री घोरते. जिना चढताना दम लागतो म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. त्यात फुप्फुसाच्या धमनीतलं प्रेशर 39 आलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, लक्ष ठेवू. तीन महिन्यांनी दुसरीकडे इको केला तर 48, आणि खाली ‘मॉडरेट पल्मनरी हायपरटेन्शन’ असा शेरा. (त्या दिवशी उपाशीपोटी जायचं असेल असं समजून आईने सकाळची गोळी घेतली नव्हती.) तिथल्या डॉक्टरांनी फुप्फुसातलं प्रेशर उतरवणारी गोळी लिहून दिली, ती अजून सुरू केलेली नाही. तिसरे डॉक्टर म्हणतात, हृदयाच्या उजव्या बाजूत कॅथेटर घालून प्रेशर मोजल्याशिवाय खरं काय ते कळणार नाही. भाऊ म्हणतो, बाहेरून मोजता येतंय तर आत नळी कशाला, दर महिन्याला इको करत राहू. मी वाचलं की 20 च्या वर गेलं की आजार. आईचं तर दुपटीहून जास्त आहे. आम्ही तिला आकडा सांगितला नव्हता, पण तिने रिपोर्ट वाचला. तेव्हापासून ती जिना चढत नाही, फिरायला जात नाही. तीन महिन्यांत नऊने वाढलं, तर वर्षभरात कुठे जाईल? कुणाचं ऐकायचं?

तुम्ही दोन्ही रिपोर्टांच्या प्रती पाठवल्यात हे फार बरं केलंत, नाहीतर मीही 39 आणि 48 मध्येच अडकलो असतो. इकोच्या मशीनसमोर मी बरीच वर्षं काढली आहेत आणि असे रिपोर्ट स्वतः लिहिले आहेत, म्हणून आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो. हे दोन्ही आकडे कुणी मोजलेले नाहीत. गुणाकार-बेरीज करून काढलेले आहेत, आणि त्या बेरजेत एक आकडा अंदाजाने धरलेला आहे.

मशीन मोजतं तो रक्ताचा वेग. हृदयाच्या उजव्या बाजूला वर-खाली दोन कप्पे आणि मधे तीन पाकळ्यांची झडप असते. खालचा कप्पा आकसून रक्त फुप्फुसाकडे ढकलतो तेव्हा ही झडप मिटलेली असते. पण ती अगदी घट्ट मिटतेच असं नाही. धडधाकट माणसांतही बहुतेकांच्या झडपेतून रक्ताची बारीक चिळकांडी मागे वरच्या कप्प्यात उडते. रिपोर्टवर ‘ट्रिव्हियल टीआर’ लिहिलेलं असतं ते हेच. तुम्ही त्या शब्दांखालीही लाल रेघ मारली आहे. ती खुशाल खोडून टाका. ही गळती आहे म्हणून तर आतल्या प्रेशरचा माग लागतो.

पाण्याच्या टाकीला बुडाशी भोक पडलं तर टाकी जितकी भरलेली, तितक्या जोरात पाणी उडतं. चिळकांडीचा जोर पाहून, आत न डोकावता, पाणी किती आहे ते सांगता येतं. हे गणित डॅनिएल बर्नुलीच्या 1738 च्या ग्रंथापर्यंत मागे जातं. आणि वेग कसा कळतो? छातीवर टेकवलेल्या प्रोबमधून निघालेला ध्वनी धावत्या रक्तपेशींवर आपटून परततो तेव्हा त्याची कंप्रता बदललेली असते. हा परिणाम ख्रिस्तियान डॉप्लरने 1842 मध्ये सांगितला, तोही ताऱ्यांच्या रंगांचा विचार करताना. दोघांनाही कुणाच्या छातीशी काही देणंघेणं नव्हतं! 1970 च्या दशकात नॉर्वेत लिव्ह हॅटल, ब्यॉर्न अँगेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरुंद झालेल्या झडपांसाठी या दोन्हींची सांगड घातली, आणि 1984 मध्ये पॉल यॉक व रिचर्ड पॉप यांनी उजव्या झडपेच्या गळतीवरून काढलेलं प्रेशर कॅथेटरने मोजलेल्या प्रेशरशी ताडून पाहिलं. तुमच्या हातातला रिपोर्ट तिथून आलेला आहे.

सूत्र एवढंसं आहे. वेगाचा वर्ग करायचा आणि चाराने गुणायचं. वेग मीटर प्रति सेकंद असेल तर उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये येतं. (चार का, तर रक्ताची घनता आणि एककांचं रूपांतर मिळून 3.98 होतात, आम्ही डॉक्टर तेवढे उदार आहोत.) आता टाकीची उपमा थोडी पुढे नेऊ. इथे पाणी उघड्यावर पडत नाही, शेजारच्या दुसऱ्या टाकीत पडतं. म्हणून वेगावरून कळतो तो दोन टाक्यांमधला फरक. पूर्ण प्रेशर हवं असेल तर शेजारच्या टाकीतलं, म्हणजे वरच्या कप्प्यातलं, प्रेशर त्यात मिळवावं लागतं. ते ठरवतात आयव्हीसी नावाच्या मोठ्या शिरेवरून. ती पोटातून हृदयाकडे येते. शीर 2.1 सेंटिमीटरपर्यंत रुंद असेल आणि नाकाने जोरात श्वास ओढल्यावर निम्म्याहून जास्त मिटत असेल तर 3 धरायचे. फुगलेली असेल आणि धड मिटत नसेल तर 15. अधलंमधलं काही असेल तर 8. काही ठिकाणी मात्र हा खटाटोप न करता आल्यागेल्याला सरसकट 5 किंवा 10 मिळवायची जुनी रीत अजून चालू आहे.

आता आईचे कागद घ्या. पहिल्या रिपोर्टात वेग 2.9 आहे. त्याचा वर्ग करून चौपट केला की 34. त्यांनी 5 मिळवले, झाले 39. दुसऱ्यात वेग 3.1, त्याचे 38, त्यात 10 मिळवले, झाले 48. आयव्हीसी मात्र दोन्हीकडे 1.6 ते 1.7 सेंटिमीटर आणि छान मिटणारी. म्हणजे दोन्हीकडे 3 च धरायला हवे होते. तसे धरा, आणि 37 व 41 उरतात. तुमच्या नऊच्या वाढीतले पाच आईच्या शरीरात नव्हतेच, ते दोन ठिकाणच्या सवयींमधल्या फरकाचे होते.

राहिला 2.9 आणि 3.1 मधला फरक. डॉप्लरचा किरण चिळकांडीच्या रेषेत लागला तरच वेग पूर्ण कळतो. 20 अंशांनी तिरका लागला तर 3.1 चा वेग 2.9 दिसतो, नेमका तुमच्या दोन रिपोर्टांमधला फरक! पण यात एक मेख आहे. तिरकेपणामुळे वेग नेहमी कमीच दिसतो, जास्त कधीच दिसत नाही. म्हणजे पहिला रिपोर्ट खरा आणि दुसरा फुगवलेला असं समजून तुम्ही निश्चिंत व्हायचं कारण नाही. पहिल्या वेळी नीट कोन सापडला नसेल असंही असू शकतं. नुसता धीर द्यायचा असता तर मी हे परिच्छेदातून गाळलं असतं.

वेग जास्त दिसायची वाट निराळी असते, आणि ती मला चांगली ठाऊक आहे. अंधारलेली खोली, डाव्या कुशीवर झोपलेला रुग्ण, बरगड्यांच्या फटीत टेकवलेला प्रोब. दर ठोक्याला स्पीकरमधून ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि पडद्यावर रेषेखाली एक लाट उमटते, उलट्या घुमटासारखी. घुमटाची कड दाट असेल तर तिच्या टोकावर खूण करायला काही डोकं लागत नाही. पण पुष्कळदा त्या कडेखाली पिसांसारखी फिकट झालर लोंबत असते, आणि गेन, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, वाढवला की ती आणखी लांबते. खूण कुठे करायची, कडेवर की झालरीच्या टोकाला? मी शिकाऊ असताना एका आजोबांची खूण झालरीवर केली. वेग 3.6, त्याचे 52, वर सरसकट 10. रिपोर्ट गेला 62 चा. त्यांची मुलं घाबरीघुबरी होऊन परत आली तेव्हा आमच्या सरांनी साठवलेली तीच लाट उघडली, गेन उतरवला, खूण जराशी वर सरकवली आणि आयव्हीसीकडे एक नजर टाकली. 3.2 चे 41, अधिक 3, म्हणजे 44. मला ते काही बोलले नाहीत. मुलांना मात्र बसवून चहा पाजला.

हे माझ्या एकट्याच्या नवखेपणापुरतं नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 65 रुग्णांचा इको आणि कॅथेटर तपासणी तासाभराच्या अंतराने झाली. इकोचा आकडा 10 मिलिमीटरपेक्षा जास्त चुकला अशांचं प्रमाण होतं, योगायोग बघा, 48 टक्के. म्हणूनच 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी बेरीज केलेलं प्रेशर बाजूला ठेवून थेट वेगावर भर दिला. वेग 2.8 पर्यंत असेल तर फुप्फुसाचं प्रेशर चढलेलं असण्याची शक्यता कमी, 2.9 ते 3.4 असेल तर मध्यम, त्याहून वर असेल तर जास्त. त्याबरोबर हृदयाची इतर चिन्हं पाहायची: उजवा खालचा कप्पा मोठा झालाय का, मधला पडदा डावीकडे रेटला जाऊन सपाट झालाय का, फुप्फुसाच्या धमनीत रक्ताचा वेग कळसाला पोचायला लागणारा वेळ 105 मिलिसेकंदांच्या खाली आलाय का. आईचा वेग दोन्ही वेळा त्याच मधल्या खणात पडतो. पहिल्या रिपोर्टात उजवा कप्पा नेहमीच्या आकाराचा आहे आणि तो वेळ 118 आहे. दुसऱ्या रिपोर्टात यातलं काहीच लिहिलेलं नाही, नुसता शेरा आहे. शेरा लिहिणाऱ्याने एवढं तरी लिहायला हवं होतं.

आता तुम्ही वाचलेल्या त्या 20 बद्दल. ती मर्यादा खरी आहे, पण ती सरासरी प्रेशरची, आणि कॅथेटरने मोजलेल्या. आईचे आकडे ठोक्याच्या शिखरावरचे आहेत. 48 ची तुलना 20 शी करणं म्हणजे हाताच्या ब्लड प्रेशरमधल्या वरच्या आकड्यावर खालच्या आकड्याचा नियम लावणं. शिखराला 0.61 ने गुणून 2 मिळवले की सरासरीचा ढोबळ अंदाज येतो. 41 चे त्याने 27 होतात. म्हणजे ‘दुपटीहून जास्त’ हे चूक, पण ‘सगळं ठीक आहे’ हेही त्यातून निघत नाही. प्रेशर थोडं चढलेलं असावं असंच मला वाटतं. प्रश्न आहे तो का चढलं हा, आणि तीन डॉक्टरांच्या मतांमध्ये घोळत राहिल्यामुळे तो तुमच्या पत्रात कुठेच आलेला नाही.

त्याचं एक संभाव्य उत्तर दोन्ही रिपोर्टांच्या तळाशी बारीक अक्षरांत पडून आहे. डावा वरचा कप्पा मोठा झाला आहे, डाव्या खालच्या कप्प्याची भिंत जाड आहे. डाव्या बाजूत शिरणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला 90 सेंटिमीटर, आणि कप्पा सैल पडताना झडपेजवळच्या भिंतीचा स्वतःचा वेग फक्त 6. एकाला दुसऱ्याने भागलं की 15 येतात. हा भागाकार 14 च्या वर गेला की डाव्या बाजूतलं प्रेशर चढलेलं असावं असा कौल मिळतो. (तोही अंदाजच, पण इथे मोठा झालेला कप्पा त्याला दुजोरा देतोय.) वर्षानुवर्षांच्या ब्लड प्रेशरने डावं हृदय ताठ होतं, फुप्फुसातून येणारं रक्त मोकळेपणाने सामावून घेत नाही, आणि मग रक्त मागे तुंबून फुप्फुसातलं प्रेशर चढतं. फुप्फुसाचं प्रेशर वाढण्याचं जगभर सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच, डाव्या हृदयाचा आजार. दुसऱ्या इकोच्या दिवशी आईचं ब्लड प्रेशर 172/96 आणि नाडी 98 नोंदवलेली आहे. सकाळची गोळी चुकलेली, वर तपासणीची धास्ती. डावी बाजू अशा दिवशी जास्तच तुंबणार. साध्या इकोला उपाशी राहावं लागत नाही, हे इतर वाचकांनीही लक्षात ठेवा. गोळी चुकवायची तर मुळीच गरज नसते.

म्हणूनच त्या लिहून दिलेल्या गोळीला माझी हरकत आहे. तुम्ही नाव दिलं आहे ते सिल्डेनाफिलचं. फुप्फुसाच्या बारीक धमन्याच रोगाने अरुंद झाल्या असतील अशा रुग्णांसाठी ते उपयोगी औषध आहे. पण अडचण डाव्या बाजूत असेल तर फुप्फुसाची दारं उघडून काय होणार? जास्त रक्त त्याच ताठ कप्प्यावर येऊन आदळेल आणि फुप्फुसात पाणी साठायची भीती वाढेल. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. डाव्या हृदयामुळे चढलेल्या प्रेशरसाठी ही औषधं सरसकट देऊ नयेत असंच मार्गदर्शक सूचना सांगतात, आणि केवळ इकोच्या आकड्यावर ती सुरू करणं तर कुठेच बसत नाही. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आईकडे असेल तर तिचं आणि सिल्डेनाफिलचं मिश्रण ब्लड प्रेशर धोकादायकरीत्या पाडू शकतं; ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

तिसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. ‘बाहेरून कळतंय तर आत कशाला’ या तुमच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर असं, की काही गोष्टी बाहेरून खात्रीने कळतच नाहीत. कॅथेटर फुप्फुसाच्या धमनीत पुढे सरकवून टोकाचा इवलासा फुगा फुगवला की डाव्या बाजूचं प्रेशर मागून वाचता येतं. शिवाय रक्तप्रवाह मोजून फुप्फुसाच्या नळ्यांचा विरोध काढता येतो. अडचण नळ्यांत आहे की डाव्या हृदयात, याचा निकाल तिथे लागतो. ही अँजिओग्राफी नव्हे. मानेच्या, हाताच्या किंवा जांघेच्या शिरेतून, तेवढीच जागा बधिर करून करतात. अनुभवी केंद्रांमधल्या 7,218 तपासण्यांची मोजदाद 2006 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात गंभीर गुंतागुंत 1.1 टक्के आणि मृत्यू 0.055 टक्के होते. जोखीम कमी आहे, पण शून्य नाही. त्यामुळे ‘करायचं का’ या प्रश्नाआधी ‘त्याच्या उत्तराने आज उपचार बदलणार का’ हे विचारा. आईच्या बाबतीत आज तरी मला तसं दिसत नाही. उजवा कप्पा मोठा होऊ लागला, वेग 3.4 च्या पुढे गेला, ब्लड प्रेशर ताळ्यावर येऊनही दम वाढतच राहिला, फुप्फुसात जुन्या गुठळ्या असल्याचा संशय आला किंवा कुणी पुन्हा ती गोळी द्यायला निघालं, तर मात्र कॅथेटरला मागेपुढे पाहू नका.

तोवर करण्यासारखं बरंच आहे. ब्लड प्रेशर नीट आटोक्यात आणणं सर्वांत आधी; घरी सकाळ-संध्याकाळ नोंद ठेवा. घोरण्याकडे तुम्ही पत्रात जाता जाता बोट दाखवलंत, मला ते महत्त्वाचं वाटतं. झोपेत श्वास अडकत असेल तर ब्लड प्रेशरही हटत नाही आणि फुप्फुसाचं प्रेशरही चढतं. झोपेची तपासणी करून घेता येईल का ते विचारा. फुप्फुसाची फुंकून करायची चाचणी आणि हिमोग्लोबिनही पाहून घ्या, कारण रक्त कमी असलं तरी दम लागतो आणि रक्ताचा वेगही वाढतो.

दर महिन्याच्या इकोचा बेत सोडून द्या. इजा होत नाही हे खरं, पण वर पाहिलंत तसा आकडा आपणहूनच पाच-सात अंकांनी वर-खाली होतो, आणि प्रत्येक वेळी घर हादरेल. ब्लड प्रेशर काही आठवडे स्थिर राहिलं की एकदाच करा, शक्यतो पहिल्याच ठिकाणी, गोळ्या घेऊन, पोचल्यावर दहा मिनिटं शांत बसवून. आणि जाताना एक चिठ्ठी न्या: गळतीचा वेग किती, लाट स्पष्ट होती का, आयव्हीसी किती, वरच्या कप्प्याचे किती धरले, उजवा कप्पा आणि मधला पडदा कसा आहे, त्या वेळचं ब्लड प्रेशर किती. एवढं रिपोर्टात लिहून मागायचा तुम्हाला हक्क आहे. कुणाला लाट नीट मिळालीच नाही तर ‘मोजता आलं नाही’ असं लिहिणारा तंत्रज्ञ हा ओढूनताणून आकडा देणाऱ्यापेक्षा चांगला समजा. गळतीच दिसली नाही म्हणजे प्रेशर नॉर्मल, असंही मात्र नसतं.

आईला हे सगळं सांगा. तिने रिपोर्ट वाचलेला आहे, म्हणजे लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तिच्या मनात मात्र 48 चे 480 झाले असतील. वहीवर 2.9 आणि 3.1 चा हिशोब तिच्यासमोर करून दाखवा. बसून राहिल्याने तिचं वजन, ब्लड प्रेशर आणि दम तिन्ही वाढतील. पहिल्या डॉक्टरांना विचारून सपाटीवरचं चालणं लगेच सुरू करू दे, बोलता बोलता चालता येईल इतक्या गतीने. जिना मधे थांबत, कठड्याला धरून. चालताना किंवा चढताना भोवळ आली, शुद्ध हरपली, छातीत दुखलं, आडवं झाल्यावर श्वास कोंडू लागला, पाय सुजले, खोकल्यातून रक्त पडलं किंवा दम एकाएकी वाढला, तर मात्र इकोची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी फाडून टाकू नका. ती आणि दोन्ही रिपोर्ट घेऊन पहिल्या डॉक्टरांकडे जा, आणि डाव्या बाजूच्या त्या 15 बद्दल त्यांना काय वाटतं ते आधी विचारा.